सोबतचे वर गेलेत

१

दुपारी तीनला हॉटेल मिनाझुकीचं दार पाहुण्यांसाठी उघडायचं आणि त्याआधी पाच मिनिटं इत्सुको नागाए आपल्या जागेवर जाऊन उभी राहायची. तीस वर्षं ही जागा काउंटरच्या आत होती. नोव्हेंबरात काउंटर उखडून तिथे छातीइतक्या उंचीची दोन पांढरी यंत्रं बसवली, आणि इत्सुकोची जागा त्यांच्या डाव्या अंगाला, कुंडीतल्या रबराच्या झाडाशेजारी आली. पाहुण्यानं पडद्यावर नाव टिपायचं, बोटानं सही करायची, खालच्या फटीतून खोलीचं कार्ड घ्यायचं आणि लिफ्टकडे चालू लागायचं. कोणी अडलं तरच इत्सुकोनं पुढे व्हायचं. शिवाय एका छापील कागदावर खुणा करायच्या: किती जणांनी आपलं आपण उरकलं, किती जणांना मदत लागली, किती जण कुरकुरले. मुख्य कचेरीला पाहुण्यांचं मन जाणून घ्यायचं होतं. मार्चात बुलेट ट्रेन त्सुरुगापर्यंत, म्हणजे थेट याच गावापर्यंत, येणार म्हणून गावातली सगळीच हॉटेलं कात टाकत होती. कागदांचा गठ्ठाही मार्चअखेरपर्यंत पुरेल एवढाच आला होता. त्यानंतर काय, हे तिला कोणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

पहिले पंधरा दिवस कुरकुर झाली. एक म्हातारं जोडपं यंत्रापुढे कमरेत वाकलं आणि उत्तराची वाट पाहत तसंच उभं राहिलं. एका गृहस्थानं आपण चष्मा विसरल्याचा राग तिच्यावर काढला. मग सगळं अंगवळणी पडलं. इत्सुकोला लागलं ते वेगळंच. दहा वर्षं दर आठवड्याला तिच्या हातून किल्ली घेणारा औषधांचा विक्रेता कार्ड खिशात टाकत तिला म्हणाला, "बरं झालं हो नागाए-सान. दिवसभर बोलून जीव आंबून जातो. इथे आता तोंड उघडायला नको." अगदी आपुलकीनं म्हणाला. तिनं 'कुरकुर नाही'च्या रकान्यात खूण केली.

बधले नाहीत ते एकटे शिओमी-सान. साठीचे, काटकुळे, हातात अवजारांची जुनी चामडी बॅग. आसपासच्या शाळांतले पियानो सुरात लावायला ते दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी नागोयाहून यायचे आणि दोन दिवस राहायचे. यंत्राकडे पाठ करून ते झाडापाशी उभे राहात. "दिवसभर मी पेट्यांशीच बोलत असतो," ते म्हणायचे, "किल्ली तरी माणसाच्या हातून मिळू दे." मग यंत्राची बटणं इत्सुकोच दाबायची आणि दोन्ही हातांनी कार्ड त्यांच्या हाती द्यायची. कागदावर ते 'मदत लागली'मध्ये जात. ती खूण ती जरा ठळक करायची.

२

यंत्राचा आवाज इत्सुकोचाच होता.

हॉटेलचा व्यवस्थापक ओरितो पस्तिशीचा होता. मुख्य कचेरीनं पाठवलेला, नेहमी इस्त्रीत, कधी आवाज न चढवणारा. ऑक्टोबरात तो तिला गाडीत घालून फुकुईला घेऊन गेला. भिंतींना जाड कापड लावलेल्या एका खोलीत बसून ती चार तासांत एकशे चौदा वाक्यं बोलली. मनातून ती सुखावली होती. घरी नवऱ्यानं तेवढ्यात टोमणा मारून घेतला, "म्हणजे आता एक घरात आणि एक हॉटेलात. मी पळायचं कुठे?"

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळपासून बर्फ पडत असलेल्या एका गुरुवारी, चारच्या सुमारास एक तरुण आत आला. एकटाच. बूट भिजलेले, पाठीवर लहानशी पिशवी. त्यानं नाव टिपलं, सही केली. यंत्र बोललं:

"स्वागत आहे. आपली खोली सातशे चार. आपल्या सोबतचे आधीच वर गेले आहेत."

आणि फटीतून दोन कार्डं बाहेर आली.

यंत्र चुकलं म्हणून इत्सुको पुढे सरसावली. तो तरुण बोट तसंच वर धरून उभा होता. मग त्यानं दोन्ही कार्डं उचलली, एक हातात ठेवलं, दुसरं छातीच्या खिशात नीट सरकवलं, आणि तिच्याकडे न बघता लिफ्टपाशी गेला. लिफ्ट येईपर्यंत त्यानं ओल्या हातानं केस सारखे केले.

तिनं नोंद पाहिली. खोली एकाच्या नावावर होती. दुपारपासून सातव्या मजल्यावर कोणी गेलेलं नव्हतं. गेलं असतं तर तिच्या नाकासमोरून गेलं असतं.

ते वाक्य आपण बोललो नव्हतो, याची तिला खात्री होती. संध्याकाळपर्यंत ती डळमळली. चार तास, एकशे चौदा वाक्यं. शेवटी शेवटी आपण काय वाचतोय याकडे तिचं लक्षच राहिलं नव्हतं. तिनं ओरितोला विचारलं. त्यानं यंत्राच्या कंपनीला फोन लावला आणि हसत निरोप आणला: यंत्र आवाजाचे तुकडे जोडून वाक्यं बनवतं; घोळक्यानं येणाऱ्यांसाठी असं वाक्य आहे; कुठलीतरी कळ चुकीची बसलीय, दुरुस्त करतील. इत्सुकोला हलकं वाटलं. असंच काहीतरी असणार.

दुसऱ्या दिवशी यंत्र ते वाक्य तीनदा बोललं. तिन्ही पाहुणे एकटे होते. कोणीही हटकलं नाही.

३

"इत्चान, वरच्या एकट्यांच्या खोल्यांत चाललंय काय?" हात्सुएनं इत्सुकोला विचारलं.

हात्सुए साफसफाईच्या बायकांची मुकादम. सत्तरीला आलेली, पण चादर एका झटक्यात ओढणारी. दोघी मागच्या खोलीत भाताचे गोळे खात बसल्या होत्या. हात्सुएनं बोटांवर मोजत सांगितलं. चहाचे कप दोन निघतात. एक तळापर्यंत प्यालेला, दुसरा काठोकाठ भरलेला, गार, वर साय धरल्यासारखा. सपाता दोन जोड बाहेर काढलेल्या असतात. आणि खुर्ची. टेबलाशी असायची ती खुर्ची ओढून पलंगाला भिडवलेली, इतकी जवळ की पलंगावर बसणाऱ्याचे गुडघे खुर्चीत बसणाऱ्याला लागावेत.

इत्सुको म्हणाली, आणत असतील कोणीतरी बाईमाणूस मागच्या दारानं.

"बाई आली की केस सापडतो, वास राहतो, उशीला रंग लागतो. चाळीस वर्षं मी हेच बघतेय." हात्सुएनं भात गिळला. "इथे काही म्हणजे काही नाही. खुर्ची तेवढी गरम असते."

"हीटरनं असेल."

"हीटर मी आधी बंद करते. मग खुर्ची उचलते."

त्या दुपारी इत्सुकोनं पाहुण्यांनी भरलेल्या अभिप्रायाच्या चिठ्ठ्या काढून वाचल्या. यंत्राविषयी तुमचं मत काय, या प्रश्नाखाली पूर्वी लोक 'ठीक', 'सोपं' असं काहीबाही लिहीत. आता ओळीच्या ओळी होत्या. 'यंत्रानं काही विचारलं नाही, त्याबद्दल आभारी आहे.' 'किती वर्षांनी नीट झोपलो.' एकानं, सातशे चारवाल्यानंच, बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'आम्ही पुन्हा येऊ.'

तो पुढच्या गुरुवारी आलाही.

दुरुस्तीचा माणूस दोनदा येऊन गेला. त्यानं पडद्यामागचा डबा उघडून पाहिला, आणि असं वाक्य यादीत कुठेच नाही, असं तो बूट घालता घालता म्हणाला. ओरितोनं त्याला चहा दिला आणि विषय बदलला. इत्सुकोला घरी चैन पडेना. भांडी घासताना ती स्वतःशीच ते वाक्य म्हणून पाहायची, आवाज जुळतो का बघायला. नवरा टीव्हीवरून मान वळवून विचारायचा, कोण वर गेलंय?

४

फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी शिओमी-सान आले तेव्हा इत्सुको नेमकी मागच्या खोलीत फोनवर अडकली होती. स्टेशनवरून चुकलेल्या कुणाला तरी ती रस्ता सांगत होती. काचेतून तिला ते दिसत होते. झाडापाशी, बॅग पायाशी, यंत्राकडे पाठ. ती फोनवरच त्यांना खुणावत होती, आलेच, आलेच.

तेवढ्यात यंत्र बोललं. कोणी हात लावला नव्हता. काचेआडून शब्द कळले नाहीत, पण स्वतःच्या बोलण्याचा हेल तिनं ओळखला. शिओमी-साननी मान तिरकी केली. सूर लावताना तारेकडे कान नेतात तशी. मग ते वळले आणि सावकाश यंत्रापाशी गेले. फोन आपटून ती बाहेर आली तोवर लिफ्टची दारं मिटत होती.

सकाळी ते न्याहारीला उतरले. गुळगुळीत दाढी, अंगात धुतलेला सदरा. माशाचा तुकडा चवीनं खात होते. इत्सुको चहा घेऊन गेली आणि काल आपण हाताशी नव्हतो त्याबद्दल तिनं माफी मागितली.

"अहो, बरंच झालं," ते म्हणाले. मग थोडं थांबून: "त्या यंत्रात आवाज तुमचाच आहे ना?"

"हो."

"आवाज तुमचा. श्वास तुमचा नाही. तुम्ही वाक्याच्या आधी श्वास घेता, सगळ्यांसारखा. यंत्रातली ती वाक्य संपल्यावर घेते. समोरचा काय म्हणतो ते ऐकायला थांबल्यासारखी."

वर कोण होतं, असं इत्सुकोनं विचारलं. विचारायचं नव्हतं, पाहुण्याला असं कधी विचारत नाहीत. शिओमी-सान रागावले नाहीत.

"चेहऱ्यावरून मलाही ओळखता आलं नाही," ते म्हणाले. "पण बोलत बसलो की आठवायला लागतं. अजून पुरतं नाही आठवलं." आणि त्यांनी मुक्काम वाढवल्याचं सांगितलं. यंत्रावरच वाढवला होता.

५

शुक्रवारी सकाळी एका शाळेतून फोन आला. बुधवारी यायचे होते ते पियानोवाले आलेच नाहीत, निघून गेले का? दुसरा फोन अर्ध्या तासानं, दुसऱ्या शाळेतून. पंधरा वर्षांत शिओमी-साननी एकही शाळा चुकवली नव्हती. इत्सुकोनं हात्सुएकडून सगळ्या खोल्यांना चालणारं कार्ड घेतलं आणि साडेअकराच्या लख्ख उजेडात ती सातव्या मजल्यावर गेली.

वऱ्हांड्यात कोणीही नव्हतं. साफसफाईची गाडी वाटेत उभी होती. पलीकडच्या खोलीतून धूळ ओढायच्या यंत्राची घरघर येत होती. सातशे अकराच्या दारावर तिनं दोनदा टकटक केली, नाव घेऊन हाक मारली, आणि कार्ड लावलं. दार वीतभर उघडलं आणि आतल्या अडसराला अडकलं.

त्या वीतभर फटीतून तिला पलंगाची कड दिसली. शिओमी-सान कडेवर बसले होते, पाठ ताठ, हात मांडीवर. तीन दिवसांत गाल आत गेले होते. समोर खुर्ची असणार. ती दाराआड होती. तिथला खालचा थोडा भाग तेवढा दिसत होता: गालिच्यावर सपातांची जोडी, शिओमी-सानांच्या पायांकडे तोंड करून. सपातांत पाय नव्हते. पण सपाता सपाट नव्हत्या. आत काही असल्यावर कापड जसं वर उचललेलं राहतं, तशा त्या फुगलेल्या होत्या.

धूळ ओढायचं यंत्र बंद पडलं, आणि खोलीत कोणीतरी बोलत असलेलं तिला ऐकू आलं. फार हळू. शब्द लागत नव्हते. हेल तिच्या ओळखीचा होता; तीस वर्षं ती त्याच हेलात लोकांशी बोलत आली होती. खोलीत यंत्र नव्हतं. टीव्ही काळा होता.

मग बोलणं थांबलं, आणि कोणीतरी लांब श्वास घेतला.

शिओमी-साननी मान वळवून दाराकडे पाहिलं. तिची ओळख पटायला त्यांना वेळ लागला. "नागाए-सान," ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "जरा नंतर याल का? आत्ता आमचं जुळत आलंय."

आणि तिनं, सवयीनं, कमरेत वाकून माफी मागितली आणि दार ओढून घेतलं. यासाठी तिनं स्वतःला पुढे कधी क्षमा केली नाही.

६

ती धावत खाली आली. ओरितोला घेऊन पुन्हा वर जाईस्तो पाऊण तास गेला; तो म्हणत होता, पाहुण्यानं नको म्हटलंय, आपण कोण आत शिरणार. शेवटी गेले तेव्हा अडसर काढलेला होता आणि खोली रिकामी होती. पलंग कुणी बसलंही नसावं इतका नीट. बॅग टेबलावर होती, उघडी, अवजारं ओळीनं मांडलेली. अंगातला कोट खुंटीवर. खाली यंत्राच्या पडद्यावर नोंद दिसत होती: सातशे अकरा, खोली सोडली, कार्डं दोन जमा.

पोलीस आले. शहाणासुरता माणूस आपल्या पायांनी गेला, एवढं त्यांनी लिहून घेतलं. लिफ्टवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण ओरितोनं त्यांच्यासोबत पाहिलं. इत्सुकोनं मागितलं तेव्हा त्यानं दाखवलं नाही. तिनं पिच्छा सोडला नाही, तेव्हा म्हणाला:

"खाली आले. दार उघडलं. बाहेर पडून त्यांनी हातानं दार धरून ठेवलं, मागचं माणूस निघेपर्यंत धरतात तसं."

"आणि?"

"आणि मग सोडलं."

पुढचे दोन आठवडे शाळांचे फोन येत राहिले. कुठल्याशा वर्गात मुलं बेसूर पियानोवरच निरोपाची गाणी बसवत होती. नागोयाहून त्यांची पुतणी येऊन बॅग घेऊन गेली. काकांनी गुरुवारी फोन केला होता, म्हणाली. बारा वर्षांत पहिल्यांदा. खूप आनंदात होते. काय बोलले ते मात्र तिला धड आठवत नव्हतं.

इत्सुकोनं ओरितोला सांगितलं, माझा आवाज त्यातून काढून टाका. हे तिनं मागणं म्हणून सांगितलं, मग विनवणी म्हणून. तो टेबलावरचे कागद सरळ करत राहिला. आवाजाच्या कागदावर तिचीच सही होती, तो म्हणाला. शिवाय मार्चअखेरपर्यंत एकही खोली रिकामी नाही. मधल्या वारांनाही नाही. असं या हॉटेलात पूर्वी कधी झालं नव्हतं.

"हे बरोबर आहे असं तुम्हाला वाटतं?" तिनं विचारलं.

ओरितोचं बिऱ्हाड ओसाकाला होतं. बदली झाल्यापासून तो हॉटेलातच दुसऱ्या मजल्यावर एकटा राहायचा. तो उठला तेव्हा सदऱ्याच्या छातीच्या खिशात तिला खोलीची कार्डं दिसली. एकावर एक, दोन.

७

तिला जे सुचलं ते तिनं केलं. जाड कागदावर, आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'एकट्या पाहुण्यांनी कृपया एकच कार्ड घ्यावं. दुसरं माझ्याकडे द्यावं.' आणि तो कागद यंत्रावर चिकटवून ती झाड सोडून यंत्राच्या शेजारीच उभी राहिली.

लोक वाचायचे, तिला वाकून नमस्कार करायचे, आणि दोन्ही कार्डं घेऊन जायचे. तिनं हात पुढे केला तर ते वळसा घालून जायचे. काही जण तिच्याकडे अशा नजरेनं बघत, जशी नजर आजारी माणसाकडे बघताना होते. तिच्या नावानं तक्रारी सुरू झाल्या. मदतनीस बाई वाटेत उभ्या राहतात. मदतनीस बाई नको त्या गोष्टी विचारतात. तीस वर्षांत तिच्या नावावर एक तक्रार नव्हती. दहा दिवसांत चौदा झाल्या.

एका दुपारी पंचविशीची एक मुलगी आली. कार्डं बाहेर आली आणि इत्सुकोनं तिच्या आधी दुसरं कार्ड उचलून मुठीत धरलं. मुलगी ओरडली नाही. तिनं सामान खाली ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"द्या ना," ती म्हणाली. "मी सहा तास गाडीत बसून आलेय."

"पोरी, वर कोणी नाहीये. मी स्वतः इथे उभी आहे. कोणी गेलेलं नाही."

"माहीत आहे मला." तिचे हात तसेच होते. "घरीही कोणी नाहीये. तुम्ही काय देणार मला त्याच्याऐवजी? चहा?"

इत्सुकोकडे द्यायला काही नव्हतं. मूठ तिनंच उघडली.

त्याच संध्याकाळी ओरितोनं तिला बोलावलं आणि खाली मान घालून सांगितलं की मार्चअखेरपर्यंत थांबायची गरज नाही, उद्याचा दिवस शेवटचा. तिनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कपाट रिकामं केलं. हात्सुए तिला मागच्या दारानं नेऊ लागली, तर ती म्हणाली, तीस वर्षं मी पाहुण्यांना पुढच्या दारानं निरोप दिलाय. मीही तिथूनच जाईन.

ती निघेपर्यंत तीनला पाच मिनिटं कमी होती. बाहेर बारीक बर्फ भुरभुरत होतं. दाराबाहेर रांग लागली होती, पार वाहनतळापर्यंत, भिंतीच्या कडेनं. वीस-बावीस माणसं असतील. पुरुष, बायका, एक शाळामास्तर दिसणारा, एक तर अगदी वाकलेली आजी. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बर्फ पडत असूनही कोणी दाटीवाटीनं उभं नव्हतं. दर दोघांच्या मध्ये एकेक माणूस मावेल एवढी जागा सोडलेली होती, आणि प्रत्येकानं छत्री थोडी त्या बाजूला कलती धरली होती. आपला एक खांदा भिजत असला तरी.

रस्त्याकडे जायला रांग ओलांडावी लागणार होती. दोन छत्र्यांच्या मधल्या एका जागेपाशी ती आली, हातातली पिशवी सावरली, वाकली, "जरा जाऊ देता का," म्हणाली आणि थांबली. क्षणभरानं वाट झाली. ती आभार मानून पलीकडे गेली.

चौकात लाल दिवा होता. ती गाड्यांकडे बघत उभी राहिली. दिवा हिरवा झाला, लोक चालू लागले, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की मघाशी वाट करून देताना रांगेतलं एकही माणूस जागचं हललं नव्हतं.

तिनं मागे वळून पाहिलं नाही. दिवा पुन्हा लाल झाला तरी ती तिथेच उभी होती. तिच्या मागे, अगदी कानाशी, कोणीतरी लांब श्वास घेतला, आणि तिनं काही बोलावं म्हणून ते वाट पाहत राहिलं.